माऊस जीएम-सीएसएफची १० मायक्रोग्रॅमवाली व्हायल: दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय

आमच्या लॅबमध्ये गेलं दीड वर्ष एकाच कंपनीचं रिकॉम्बिनंट माऊस जीएम-सीएसएफ चालू आहे, म्हणजे उंदराचं एक सायटोकाइन, पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रोटीन. काम एकच, ब्लॅक सिक्स जातीच्या उंदरांच्या बोन मॅरोपासून (हाडांतल्या मगजापासून) डेंड्रिटिक सेल, म्हणजे टी-सेलला अँटिजेन दाखवणाऱ्या प्रतिकारपेशी, बनवायच्या. आत्तापर्यंत चार लॉट (कंपनीच्या वेगवेगळ्या बॅच) वापरून झाले, त्यातले तीन छान होते आणि एकाने आमचे दोन महिने खाल्ले. कंपनीचं नाव मी लिहीत नाहीये, कारण तक्रार आहे ती एका लॉटची आहे, आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी बघायच्या गोष्टी ह्याच आहेत. पुण्यात नाहीतर मुंबईत कुठेतरी पीएचडीला नुकतंच जॉइन झालेलं कोणी असेल आणि पहिल्यांदा सायटोकाइनचा इंडेंट (खरेदीची मागणी) भरत असेल तर त्याने हे वाचावं असं मनापासून वाटतं, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आधी वस्तूबद्दल. ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं प्रोटीन आहे, १२४ अमिनो आम्लांचं, साधारण १४ किलोडाल्टन. उंदराच्या शरीरात बनतं त्यावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यामुळे ते जड असतं, ह्याच्यावर त्या नाहीत, पण पेशींवर काम करायला त्या लागत नाहीत त्यामुळे काळजी नको. मात्र एक गोष्ट ऑर्डर देताना शंभरदा बघा: माऊसच लिहिलंय ना? माणसाचं जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाही आणि उंदराचं माणसाच्या पेशींवर चालत नाही. काही सायटोकाइनचं असं नसतं, माणसाचं एम-सीएसएफ किंवा फ्लिट-थ्री लिगँड उंदराच्या पेशींवर मस्त चालतं, आणि त्यामुळेच लोक गृहीत धरून चुकतात. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये फ्रीझरमध्ये ह्युमनवालं होतं म्हणून तेच वापरलं, सहाव्या दिवशी प्लेटमध्ये जवळपास सगळं मेलेलं होतं.

व्हायल हातात आली की पहिला धक्का म्हणजे ती रिकामी दिसते. खरंच रिकामी दिसते, १० मायक्रोग्रॅम पावडर डोळ्याला दिसत नाही, फार तर तळाला एक धुरकट पापुद्रा. आमच्याकडे नवीन आलेला ज्युनियर घाबरून माझ्याकडे आला, "ताई ह्यात काहीच नाहीये, परत पाठवायची का?" तर नाही पाठवायची. झाकण उघडायच्या आधी छोट्या सेंट्रीफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवायची, कारण प्रवासात पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि तुम्ही झाकण उघडून बाजूला ठेवलंत की तुमचं अर्धं सायटोकाइन तिथेच राहिलं. मग ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असलेलं स्टराइल पीबीएस (खारट बफर) १०० मायक्रोलिटर हळूच कडेने सोडायचं, व्हॉर्टेक्स अजिबात करायचं नाही, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मध्येमध्ये बोटाने टिचकी. बीएसए कशाला असं बरेच जण विचारतात, तर इतकं पातळ प्रोटीन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं आणि नुसत्या पीबीएसमध्ये ठेवलं की आठवड्याभरात काय उरलंय ते सांगता येत नाही, बीएसए आधी जाऊन भिंतीला चिकटतं. पण हे बीएसएसुद्धा कमी एंडोटॉक्सिनवालंच घ्या (एंडोटॉक्सिन म्हणजे बॅक्टेरियाच्या कवचातलं एलपीएस, त्याने ह्या पेशी चेततात), ब्लॉकिंगसाठी बाटलीत पडलेलं साधं बीएसए ढवळून टाकू नका.

मी १०-१० मायक्रोलिटरचे दहा अलिकोट (छोटे वाटे) करते, म्हणजे एकात एक मायक्रोग्रॅम, आणि २० नॅनोग्रॅम प्रति मिली ह्या हिशोबाने एका अलिकोटमध्ये ५० मिली मीडियम होतं. एक अलिकोट एकदाच उघडायचा, उरलं तर फ्रिजमध्ये आठवडाभर ठीक, पुन्हा गोठवायचं नाही. उणे ८० मध्ये ठेवते. ज्या फ्रीझरला आपोआप बर्फ वितळवायची सोय असते त्याच्यात नको, तो मधूनमधून गरम होतो.

आता खर्च, कारण आपल्याकडे प्रश्न शेवटी तिथेच येतो. दहा सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये १० मिली मीडियम, त्यात २०० नॅनोग्रॅम. तिसऱ्या दिवशी आणखी १० मिली, सहाव्या आणि आठव्या दिवशी निम्मं मीडियम बदलायचं म्हणजे प्रत्येकी १० मिली. चार वेळा २०० धरले तर एका प्लेटला ८०० नॅनोग्रॅम लागतात. म्हणजे एका व्हायलमध्ये बारा प्लेट बसतात, सहा-सहा प्लेटचे दोन प्रयोग. जेआरएफचं (पीएचडी करणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोचं) महिन्याचं स्टायपेंड ३७,००० आहे, त्याच्याशेजारी ह्या व्हायलचं कोटेशन ठेवून बघितलं की पिपेट धरलेला हात आपोआप सावध होतो. मोठी व्हायल घेतली तर मायक्रोग्रॅममागे बरंच स्वस्त पडतं, पण मोठी घेण्याआधी लॉट तपासा, त्याबद्दल खाली लिहिलंय आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पहिल्या लॉटबद्दल बोलायचं तर मी खूश होते. दोन्ही पायांची हाडं, फेमर आणि टिबिया, सिरिंजने मॅरो बाहेर काढला, लाल पेशी फोडल्या, साध्या बॅक्टेरियाच्या पेट्री प्लेटमध्ये वीस लाख पेशी लावल्या (टिश्यू कल्चरच्या प्लेट घेऊ नका, मॅक्रोफेज घट्ट चिकटून बसतात आणि आपल्याला हव्यात त्या पेशी सैल असतात). चौथ्या दिवशी द्राक्षाच्या छोट्या घडासारखे पुंजके दिसायला लागले. दहाव्या दिवशी प्लेटमागे ८०-९० लाख सैल पेशी, त्यातल्या पाऊणएक सीडी-११सी पॉझिटिव्ह (डेंड्रिटिक सेलची खूण म्हणून बघतात ते प्रोटीन). एलपीएस दिलं की सीडी-८६ आणि एमएचसी क्लास टू (पेशी चेतल्याच्या खुणा) छान वर जायचं, न दिलेल्या पेशी शांत. बोन मॅरोपासून जीएम-सीएसएफने डेंड्रिटिक सेल वाढवायची ही पद्धत १९९२ मध्ये स्टाइनमन ह्यांच्या गटाने दाखवली, आणि आपण बहुतेक जण वापरतो ती मोठ्या प्लेटवाली सोपी आवृत्ती १९९९ ची, लुट्झ आणि सहकाऱ्यांची. तिच्यात मात्रा लिहिली आहे २०० युनिट प्रति मिली. युनिट, नॅनोग्रॅम नाही. हे वाक्य मी त्या वेळी वाचलं होतं आणि पुढे गेले होते, लॅबच्या जुन्या वहीत २० नॅनोग्रॅम लिहिलेलं होतं म्हणून २० नॅनोग्रॅम.

दुसरा लॉट पण ठीक गेला. त्याचं पार्सल गणपतीच्या आदल्या दिवशी आलं, स्टोअर बंद, जेल पॅक वितळून पाणी झालेले, स्टोअरचे काका बिचारे सुट्टी संपल्यावर स्वतः घेऊन आले आणि म्हणाले मॅडम हे खराब झालं असेल का. मी पण धसकले होते, पण सुकवलेली पावडर सामान्य तापमानाला काही दिवस आरामात टिकते, डेटाशीटवर तसं लिहिलंही होतं, आणि प्रत्यक्षात पेशी आधीसारख्याच वाढल्या. तर बर्फ वितळला म्हणून लगेच भांडण करू नका, पाण्यात विरघळवल्यानंतर मात्र तापमानाच्या बाबतीत कुठलीही सूट नाही.

आणि मग तिसरा लॉट. पाचव्या दिवशीच पुंजके लहान दिसत होते, मी म्हटलं मोजताना पेशी कमी लागल्या असतील. दहाव्या दिवशी प्लेटमागे ४० लाख. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं. प्रत्येक वेळी उंदीर वेगळा, प्रत्येक वेळी दहा दिवस, आणि खरं सांगते मला पैशांपेक्षा उंदरांचं जास्त लागलं. एथिक्स कमिटीकडे आपण संख्या लिहून देतो, ह्या प्रयोगाला इतके प्राणी लागतील म्हणून, आणि ते तीन उंदीर गेले त्यातून काहीच हाती आलं नाही. मीडियम बदललं, इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तपासला, मर्कॅप्टोइथेनॉल नवीन केलं, मायकोप्लाझ्मा टेस्ट केली, निगेटिव्ह. शेवटी आमच्या पोस्टडॉक दादांनी विचारलं, जुन्या लॉटचा एखादा अलिकोट शिल्लक आहे का. नशिबाने दोन होते.

मग जे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं ते केलं. एकाच उंदराच्या पेशी, छोट्या विहिरींच्या प्लेटमध्ये, जुना लॉट आणि नवा लॉट शेजारी शेजारी, मात्रा २.५, ५, १०, २०, ४० नॅनोग्रॅम. निकाल इतका स्वच्छ होता की फ्लो सायटोमीटरला (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्राला) न लावताही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता: जुन्या लॉटचे १० जे करत होते ते करायला नव्या लॉटचे ४० लागत होते. मग दोन्ही लॉटची सर्टिफिकेट काढून शेजारी ठेवली. त्यावर एक आकडा असतो, ईडी-५०, म्हणजे एफडीसी-पी१ नावाच्या सायटोकाइनवर जगणाऱ्या उंदराच्या पेशींची निम्मी वाढ व्हायला किती लागलं. जुन्या लॉटचा होता ०.०५ नॅनोग्रॅम प्रति मिली, नव्याचा ०.२. आणि डेटाशीटवरची हमी होती "०.२ किंवा त्यापेक्षा कमी". म्हणजे दोन्ही लॉट नियमात बसतात!

हिशोब सोपा आहे, एकदा करून बघा. दहा लाखाला ईडी-५० ने भागलं की मिलिग्रॅममागचे युनिट मिळतात. ०.०५ ला दोन कोटी युनिट, ०.२ ला पन्नास लाख. म्हणजे जुन्या लॉटचे २० नॅनोग्रॅम म्हणजे ४०० युनिट होते आणि नव्याचे २० नॅनोग्रॅम म्हणजे फक्त १००, आणि मूळ पद्धतीत लिहिलेत २००. मी वजन मोजत होते आणि पेशी काम मोजत होत्या. वजनाने सारखंच प्रोटीन असलं तरी त्यातलं किती नीट घडी पडलेलं आहे हे लॉटप्रमाणे बदलतं, बॅक्टेरियात हे प्रोटीन बऱ्याचदा गोळा होऊन बसतं, ते विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते, तिथे फरक पडतो. नव्या लॉटचे ४० नॅनोग्रॅम वापरले आणि पेशी परत आल्या. पण मग व्हायलमध्ये बाराऐवजी सहा प्लेट, म्हणजे तेवढ्याच पैशात निम्मं काम.

कंपनीशी बोलणं सोपं गेलं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने आधी सांगितलं तुमच्या हाताळणीत काहीतरी झालं असेल, मग सांगितलं लॉट स्पेसिफिकेशनमध्ये आहे, जे खरंच होतं. मी दोन्ही लॉटचा आलेख, फ्लोचे फोटो, सर्टिफिकेट सगळं एका पानावर लावून पाठवलं आणि आमच्या मॅडमनी वर दोन ओळी लिहिल्या. सहा आठवड्यांनी वेगळ्या लॉटची व्हायल बदलून आली, पैसे न घेता. टेक्निकल सपोर्टची जी बाई नंतर बोलली ती खूप चांगली होती, तिने सांगितलं की तुम्ही ऑर्डरच्या वेळी ईडी-५० विचारू शकता आणि लॉट राखूनही ठेवता येतो. हे आधी कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. तर विचारा. कोटेशन मागतानाच लिहा की सध्याच्या लॉटचं सर्टिफिकेट पाठवा, आपल्याकडे इंडेंट, तीन कोटेशन, प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, पीओ (खरेदीचा आदेश) ह्यात इतके आठवडे जातात की तेवढ्यात लॉट बदललेला असतो, म्हणून पीओवरच लॉट नंबर टाकून घ्या.

एका बाबतीत मात्र मी ह्या कंपनीवर उगाच संशय घेतला होता, तेही लिहायला हवं. चौथा लॉट आला तेव्हा पेशी भरपूर, पण एलपीएस न देताच सीडी-८६ वर गेलेलं. म्हटलं झालं, एंडोटॉक्सिन. ई. कोलायमधलं प्रोटीन म्हटल्यावर पहिला विचार तोच येतो. पण हिशोब करा: हमी आहे मायक्रोग्रॅममागे ०.१ एंडोटॉक्सिन युनिटपेक्षा कमी, आणि आपण टाकतो २० नॅनोग्रॅम, म्हणजे मिलीमागे फार तर ०.००२ युनिट. आता मीडियममध्ये घालतो त्या सीरमची बाटली बघा. आमच्या सीरमवर लिहिलं होतं मिलीला १० युनिटपर्यंत, आणि ते १० टक्के घालतो, म्हणजे मिलीमागे १ युनिटपर्यंत, सायटोकाइनच्या पाचशेपट! सीरमचा लॉट त्याच महिन्यात बदलला होता आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं. कमी एंडोटॉक्सिनवालं सीरम आणलं, पेशी पुन्हा शांत झाल्या. पॉलिमिक्सिन बी घालूनही बघितलं होतं, त्याने एलपीएस बांधलं जातं, आणि जुन्या सीरममध्ये त्याने सीडी-८६ खाली आलं, त्यामुळे शंका उरली नाही. तर एंडोटॉक्सिनच्या बाबतीत ह्या व्हायलला माझ्याकडून पूर्ण मार्क.

घरचं सुपरनेटंट वापरलं तर? हा प्रश्न नेहमी येतो आणि रास्त आहे. जीएम-सीएसएफचं जनुक घातलेल्या एक्स-६३ किंवा जे-५५८ पेशी वाढवून त्यांचं वरचं पाणी वापरणाऱ्या लॅब भरपूर आहेत, मॅक्रोफेजसाठी एल-९२९ चं वापरतात तसंच. खर्च जवळजवळ शून्य. आमच्याकडेही आधी तेच होतं. रोजच्या कामाला, नवीन मुलांना हात बसवायला, मी आजही तेच वापरते. पण त्यात जीएम-सीएसएफशिवाय अजून काय काय आहे ते सांगता येत नाही, प्रत्येक बॅचचं टायट्रेशन (किती मात्रा लागते ते तपासणं) करावं लागतं, आणि सायटोकाइन मोजायचे असतील किंवा पेपरमध्ये घालायचा प्रयोग असेल तर मी शुद्ध प्रोटीनच घेईन.

आणि तुमचा प्रश्न खरोखर डेंड्रिटिक सेलचाच असेल तर अजून एक गोष्ट आधी ठरवा. जीएम-सीएसएफच्या प्लेटमध्ये जे सीडी-११सी पॉझिटिव्ह दिसतं ते सगळं डेंड्रिटिक नसतं, २०१५ मध्ये हेल्फ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यात मॅक्रोफेजसारख्या पेशी आणि डेंड्रिटिक पेशी मिसळलेल्या असतात, एमएचसी क्लास टू किती आहे त्यावरून वेगळ्या काढाव्या लागतात. आम्ही आता एमएचसी आणि सीडी-११बी दोन्ही लावतो. शरीरातल्या सीडीसी-१, सीडीसी-२, प्लाझ्मासायटॉइड ह्या डेंड्रिटिक सेलच्या प्रकारांसारख्या पेशी हव्या असतील तर फ्लिट-थ्री लिगँडकडे जा, पण ते लोक २०० नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत वापरतात, म्हणजे दहापट, आणि त्याचं बिल बघून मॅडमनी आधी मला शांतपणे बसायला सांगितलं होतं. टी-सेलला अँटिजेन दाखवणं, फॅगोसायटोसिस, एलपीएसला प्रतिसाद, अशा कामांना जीएम-सीएसएफ पुरतं आणि ते इतक्या पेशी देतं की दुसरं काही देत नाही.

कधी कधी व्हायल हातात धरून वाटतं की ही केवढी मोठी सोय आहे. १९७७ मध्ये मेलबर्नला मेटकाफ ह्यांच्या गटाने हे प्रोटीन पहिल्यांदा शुद्ध केलं ते उंदरांना एंडोटॉक्सिन टोचून त्यांच्या फुप्फुसांच्या तुकड्यांपासून मिळवलेल्या द्रवातून, आणि जनुक हाती लागलं १९८४ ला. त्या वेळी इतकुशा प्रोटीनसाठी उंदीर लागत होते, आज बॅक्टेरिया ते बनवतात, म्हणूनच एक लॉट हलका निघाला म्हणून माझ्या हातून तीन उंदीर जावेत हे मला अजून पटत नाही.

स्टार द्यायचे तर शुद्धतेला आणि एंडोटॉक्सिनला पाचपैकी पाच, पॅकिंगला चार, लॉट-टू-लॉट सारखेपणाला दोन, सपोर्टला सुरुवातीला एक आणि शेवटी चार. पुन्हा घेईन का? घेतलंच आहे. मागच्या आठवड्यात ५० मायक्रोग्रॅमच्या दोन व्हायलची ऑर्डर गेली, पीओवर लॉट नंबर आहे, ईडी-५० ०.०६ चा. त्याआधी त्याच लॉटची छोटी व्हायल मागवून टायट्रेशन करून घेतलं, १० नॅनोग्रॅमला पुंजके भरलेले होते, २० ला त्याहून फार वाढले नाहीत, त्यामुळे आता आम्ही १५ वर चालवतोय. ह्या लॉटचे दोन अलिकोट मी वेगळ्या डबीत घालून, वर लाल टेप लावून, "वापरू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून उणे ८० च्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलेत, पुढचा लॉट आला की त्याच्याशेजारी लावायला.